तुडूम

सदुसष्ट पॅच आले तिचे दीड वर्षात.
मी मोजले, कारण मोजत बसलं
की ठरवणं पुढं ढकलता येतं.

लाखांदूरच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान.
मागच्या खोलीत हा दुसरा कारभार:
जुन्या फॉन्टातली मराठी युनिकोडात आणणारा
एक खुला, फुकटचा प्रोग्राम.
वेलांटी आधी की अक्षर आधी,
रफार कोणाच्या डोक्यावर बसवायचा,
असल्या भांडणांत अकरा वर्षं गेली.
कुठल्या ग्रामपंचायती त्यातून ठराव काढतात,
एक वाचनालय, दोन पतसंस्था.
चेहरे मी कोणाचेच पाहिले नाहीत.

तिचाही नाही. भाग्यरेखा कापगते, नवरगाव.
पहिल्या पॅचला नमस्कारसुद्धा नव्हता.
‘सर्वचा रफार स-वर जातोय. नीट केला. तपासा.’
तपासला. नीट होता.
मग रोज रात्री, लाइन आली की,
तिचं वाचायचं, होकार द्यायचा, मग जेवायचं.
वांग्याची भाजी निवून गेलेली.
बायको म्हणाली, एवढा इश्वास हाये
त देऊन टाका ना तिले चावी,
तिचं तिले चढवू द्या.
मी म्हटलं, पाहू.

आमच्या तलावाच्या तुडमाला पाच भोकं,
दगडी पायऱ्यांवर एकाखाली एक,
प्रत्येकात लाकडी खुंटा.
धान गर्भावर आलं की पाण्यात उतरायचं
आणि वरचा खुंटा काढायचा.
वरचा.
खालचा आधी काढला तर बांध्या फुटतात
आणि अख्खं गाव रात्री दारात येतं.

इस्तारीबुवा पाणकर होता एकोणतीस वर्षं.
दोन पोरं त्याची, दोघंही पट्टीचे पोहणारे.
त्यांना नाही दिलं त्यानं हे काम.
दिलं मनिराम नेवाऱ्याला,
जो चार हंगाम त्याच्यासोबत पाण्यात उतरला
आणि फारसा बोलला नाही.
मी लहान. विचारलं, त्यालेच काहून गा आबा?
म्हणाला, एका राती दोन वाजता
हा ओल्या कपड्यानं दारात.
म्हणे, माह्या हातून खुंटा सटकला,
बीतभर पाणी जास्त गेलं,
म्या बंद केलं, पण तुमी पायून घ्या.
आता सांग, कोणाले समजलं असतं?

मार्चमध्ये तिचा निरोप आला:
‘माझा मागल्या आठवड्यातला पॅच काढून टाका.
डोळ्यातल्या पापणीएवढा र मी खाल्ला.
पतसंस्थेच्या यादीत सतरा वऱ्हाडे आहेत,
सगळे वर्हाडे झालेत.
तक्रार कोणाची नाही. मी फोन करून सांगितलं त्यांना.’

तो पॅच वाचून होकार मीच दिला होता.

खरं सांगतो, कोड बिघडेल
म्हणून नव्हती अडवली मी चावी.
रोज रात्री कोणीतरी माझ्या एका ‘हो’साठी थांबतं,
हे दुकानात कुठं मिळतं?
तिथं दोन रुपये, पाठपोट तीन,
आणि लवकर करा, बस सुटते.

त्या रात्री लाइन गेलेली.
मोबाइलच्या डेटावर दिला तिला कमिटचा हक्क.
सोबत लांब पत्र लिहायला घेतलं,
जबाबदारी, मराठी, पुढची पिढी...
खोडलं सगळं. एवढंच ठेवलं:
वरचा खुंटा आधी.
तिला काय समजलं कोण जाणे.

तीन दिवस काहीच नाही.
मी दर तासाला पाहत होतो,
भाजी गरम होती तरी जेवण जाईना.
चौथ्या दिवशी तिचा पहिला कमिट:
माझीच एक ओळ, सात वर्षांपूर्वीची, काढलेली.
खाली लिहिलं होतं,
‘ही कशासाठी होती, काका?
दोन दिवस शोधलं, सापडलं नाही.
लागलीच तर परत आणू.’

मलाही आठवेना.
आठवत बसलो होतो, तेवढ्यात एक जण आला,
सातबारा,
चार प्रती.